रद्दीमामांची विष्णुक्रांता

रद्दीमामा वर्तमानपत्र वाचत नसत, ते चिमटीत धरून बघत. कागदाचा कोपरा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरायचा, डोळे मिटायचे, दोनदा हलकेच चोळायचा आणि निकाल द्यायचा: "हे पितंय" किंवा "हे पीत नाही." पिणं म्हणजे रोपातलं पाणी पिणं. हैदराबादच्या ज्या मुलींच्या कॉलेजात मी शिकले, तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या रोपांची एक खोली होती. ताजं रोप वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून लाकडी दाबात आवळायचं, ओले झालेले कागद बदलत राहायचं आणि वाळलं की जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने शिवून खाली चिठ्ठी डकवायची. असे काही हजार कागद तिथल्या लोखंडी कपाटांत होते. मामा त्या खोलीचे अटेंडर. रद्दी गोळा करत सायकलवरून फिरायचे, म्हणून रद्दीमामा.

त्यांच्या मते उर्दू पेपर सगळ्यात तहानलेला. मलकपेठेतले एक हकीमसाहेब महिन्याभराचे उर्दू पेपर त्यांच्यासाठी बांधून ठेवत. तेलुगू पेपर पीत असे, पण शाई सोडत असे. एकदा धोतऱ्याच्या पांढऱ्या फुलावर क्रिकेटची अख्खी बातमी उमटली, तेव्हा मामा दोन दिवस हळहळत होते. इंग्रजी पेपरांबरोबर तेव्हा नुकत्याच रंगीत, गुळगुळीत पुरवण्या येऊ लागल्या होत्या. फ्रिज, मोटारी, परदेशी साबण. आम्ही मुली त्यांच्यावर झडप घालायचो. मामांनी एक पान चोळून बघितलं आणि आमच्याकडे परत दिलं. "घ्या माय, तुमालाच ऱ्हाऊ दे. नुस्तं चमकतंय. पीत काईच नाही."

मी पुण्याहून आले होते, वडिलांच्या बदलीमुळे. शाळा इंग्रजी. मराठी घरात बोलायचे, पण वाचताना दुकानाच्या पाटीवर अडखळायचे. बोलण्याचं म्हणाल तर कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे. वर्गातल्या बहुतेक मुली दुपारी आबिड्सला कॉम्प्युटरच्या क्लासला पळत. वनस्पतिशास्त्र त्यांना फक्त पदवीपुरतं हवं होतं. मला कुठेच पळायचं नव्हतं, आणि रोपांच्या खोलीत कुणी काही विचारत नाही हे मी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. मी तिथे जाऊन बसू लागले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामांनी विचारलं, "काय बगलालीस, माय?"

मला कळलंच नाही. ते मराठी आहे हेही आधी कळलं नाही. मामा उदगीरकडचे. त्यांच्या मराठीत करतोय, जातोय याला "करलालाव", "जालालाव" असायचं आणि अधूनमधून दखनीतलं "हौ", "नक्को", "हल्लू", म्हणजे हो, नको, हळू. मी नुसती मान हलवली.

"मराठीच हाईस नव्हं?"

"हो. काही नाहीये. बघत होते नुसती."

"नाहीये," मामांनी चवीने म्हणून बघितलं. "पुण्याकडचं हाय म्हण की. बस बस. आमच्यात अजून एक गुमसुमबाई आली."

त्या दिवसापासून मी गुमसुमबाई झाले. दुसऱ्या कुणी असं नाव ठेवलं असतं, तर मी त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नसतं. मामांनी ते अशा सुरात म्हटलं की जणू ती खोलीतली एखादी जागा आहे आणि ती बरेच दिवस रिकामी होती.

मामांकडे एक वही होती. निजामाच्या राज्यात गावच्या शाळेत त्यांच्या चार इयत्ता उर्दूत झाल्या, म्हणून लिपी उर्दू. भाषा मात्र मराठी. ती वही हैदराबादेत मामांशिवाय कुणालाच वाचता येत नसे. मराठी माणसाला ती अक्षरं येत नसत, आणि ज्यांना अक्षरं येत त्यांना "तरवडाची फुलं वाळवून चहावानी उकळणे" याचा अर्थ लागत नसे. मराठी अक्षरं त्यांनी मोठेपणी स्वतःची स्वतः शिकली होती. बोट ठेवून, ओठ हलवत ते वाचत. मीही जवळपास तशीच वाचायची. खोलीत एखादा मराठी कागद आला की आम्ही दोघं मिळून तो फोडायचो. एक ओळ ते, एक ओळ मी.

वहीत रोपांचे उपयोग होते. आणि त्यात मामांचा एक कायदा होता. कुठलाही उपयोग लिहिताना तो कुणी सांगितला हे लिहायचंच, आणि सांगणाऱ्याने स्वतः तो करून बघितला होता का, हेही. "ऐकलेलं येगळं, घेतलेलं येगळं," ते म्हणत. हकीमसाहेबांच्या नावापुढेही त्यांनी तीन ठिकाणी "ऐकलेलं" असं लिहून ठेवलं होतं. हकीमसाहेबांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, "मेरी हिकमत पे शक करता ये आदमी," आणि पुढच्या महिन्याची रद्दी द्यायचे.

मामांचे हात कापायचे. फार नाही, पण सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं लागायची. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. वाळलेल्या रोपाला कीड लागते. मोहरीएवढा तांबूस भुंगा आत शिरला की सहा महिन्यांत रोपाचा भुगा होतो. म्हणून शिवायच्या आधी प्रत्येक रोप स्पिरिटमध्ये कालवलेल्या पाऱ्याच्या विषात बुडवायचं आणि कागदावर लाल शिक्का मारायचा, विषारी म्हणून. मामांनी तीस वर्षं हे काम उघड्या हातांनी केलं. मी आले त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना त्या ट्रेला हात लावायलाही मनाई केली आणि हेड मॅडमनी ते काम रबरी मोज्यांसकट माझ्याकडे दिलं. मामा दारात उभे राहून मला सांगायचे, "हल्लू. देठ धर. फुलाला हात नक्को." 

एकदा कपाटं आवरताना मला एक जाडसर घडी मिळाली. आत पाच-सहा कागद होते. जमिनीलगत पसरणारं बारीक रोप, रेशमी केसांची पानं, आणि फूल एकावरही नाही. चिठ्ठीवर नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह.

"हे कुठलं, मामा?"

मामा हसले. "ही व्हय. विष्णुक्रांता. माझी आई तापाला द्यायची."

"मग नाव का नाही लिहिलं?"

"म्या सांगून काय होतंय? फूल बगितल्याबिगर मॅडम लोक नाव देत नाहीत. आन् फूल त्यांना दिसत नाही."

कारण साधं होतं. विष्णुक्रांतेचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. कॉलेजची सहल म्हणजे साडेनऊला गेटवर जमायचं, दहा वाजता कुणाची तरी वाट बघायची, मग शहराबाहेरच्या माळावर पोचेपर्यंत बारा. तीस वर्षांत किती सहली त्या माळावर गेल्या, पण एकाही मॅडमला ते फूल उघडं भेटलं नव्हतं. मामा दर वेळी दाब डोक्यावर घेऊन मागून चालायचे आणि मिटलेल्या फुलांकडे बघून गप्प राहायचे. 

"तुम्ही सांगितलं का नाहीत, लवकर निघा म्हणून?"

"अटेंडर बस किती वाजता सोडायची ते सांगतोय व्हय?" मामा म्हणाले. मग कपाट लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या कपाटातली निम्मी झाडं म्या खुडलेली हायेत. एकावर बी माझं नाव नाही. आनणाऱ्याचं नाव म्हणून चिठ्ठीवर मॅडमचं, न्हाईतर पोरींचं. तसा रिवाजच हाय. पन रिटायर व्हायच्या आत एक तरी..."

गप्प बसणाऱ्या माणसांना दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं वाक्य फार त्रास देतं. मी दोन दिवस विचार केला आणि म्हटलं, "मामा, आपणच जाऊ या. रविवारी, पहिल्या बसने."

आईची परवानगी विचारायला मामा स्वतः आमच्या घरी आले. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभे राहिले, आत येईनात. आईने चहा दिला तो तिथेच उभ्याने प्यायले. "लेकरू माझ्यासंगं हाय, काळजी नक्को," एवढंच म्हणाले. आईने मला नंतर विचारलं, "हे कोण गं तुझे?"

श्रावण संपत आला होता. अंबरपेठेतल्या घरून मामा आले, आबिड्सला भेटलो आणि पश्चिमेकडची पहिली बस पकडली. शहराच्या त्या बाजूला तेव्हा एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड खडक होते आणि त्यांच्या मधे गवताचे माळ. बसमधून उतरून चालत गेलो तेव्हा आठ वाजले असतील. मामा गवताकडे न बघता गवत संपून मुरूम लागतो त्या कडेकडे चालत होते. मग एकदम उकिडवे बसले. 

"बग."

आधी काहीच दिसलं नाही. मग एक दिसलं आणि मग सगळीकडे दिसायला लागलं. शर्टाच्या बटणाएवढी निळी फुलं, जमिनीला टेकलेली. तसा निळा रंग मी त्याआधी कशातही पाहिला नव्हता आणि तो कशासारखा होता हे मला अजूनही सांगता येत नाही.

मी मांडीवर मॅडमचं जाडजूड पुस्तक उघडलं. त्यात रोप ओळखायची रीत अशी, की दोन-दोन वाक्यं देतात, त्यातलं लागू पडेल ते धरून पुढे जायचं. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची आणि मामा रोपाकडे बघून उत्तर द्यायचे.

"पाकळ्या सुट्या की जुळलेल्या?"

"जुळलेल्या. तेल वतायच्या नरसाळ्यावानी."

"खोड तोडल्यावर चीक?"

"नाही."

"पानांवर केस?"

"हायेत की. कुत्र्याच्या पिल्लाच्या पोटावर असतेत तसे."

"मामा, पुस्तकात पिल्लू नाहीये."

"पुस्तकवाल्यानं पाळलं नसंल."

शेवटचा प्रश्न अवघड होता. फुलाच्या मधोमध स्त्रीकेसराचे जे तंतू असतात, ते एक की दोन? आणि दोन असले तर प्रत्येकाचं टोक पुन्हा फाटलेलं आहे का? त्यावरच सगळं ठरणार होतं, कारण दिसायला अगदी जवळची आणखी काही रोपं होती. मामांनी सुई हातात घेतली. सुईचं टोक फुलाभोवती थरथरत राहिलं, आत जाईना. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी भिंग डोळ्याला लावलं आणि श्वास धरून फूल उघडलं.

"दोन. आणि... प्रत्येकाचे दोन. चार टोकं आहेत, मामा."

"नीट मोज. घाई नक्को."

"चार मिशा. नक्की."

मी पुस्तकातलं लॅटिन नाव आणि त्यापुढे कंसात दिलेलं "विष्णुक्रांता" मोठ्याने वाचलं. मामा म्हणाले, "हां. तेच म्हणलालाव तीस वर्सं." पण त्यांचे डोळे भरले होते.

बकऱ्या राखणारी एक म्हातारी आमच्याकडे बघत उभी होती. मामा तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणून तेलुगूत बोलू लागले. तिनेही नाव तेच सांगितलं. "ज्वरानिकि," ती म्हणाली, म्हणजे तापावर. अख्खं रोप पाण्यात उकळून द्यायचं. मामांनी लगेच विचारलं, "नुव्वु तागिनावा?" तू स्वतः प्यायलीस का? ती म्हणाली, हो, आणि तिन्ही पोरांनाही पाजलंय. मग ती म्हणाली, तेलात कढवून लावलं तर केस दाट होतात. हेही तू केलंस का, असं मामांनी विचारल्यावर तिने पदर मागे सारून बोटाएवढा अंबाडा दाखवला आणि स्वतःच खो खो हसत सुटली. मामांनी वहीत लिहिलं ते मला वाचून दाखवलं: "ताप, घेतलेलं. केस, लावलेलं, फरक दिसला नाही."

मामांनी दोन रोपं मुळासकट काढली. दाब त्यांनी कॉलेजात नेला नाही, घरी अंबरपेठेला नेला. उर्दू पेपर दर दोन तासांनी बदलले, मामीला तव्यावर कागद गरम करून द्यायला लावले. आठवड्याने त्यांनी माझ्यासमोर घडी उघडली तेव्हा माझा विश्वास बसेना. वाळलं की निळं फूल करडं पडतं, हे मी शंभरदा पाहिलं होतं. हे निळं होतं. माळावर होतं तितकंच. मामांनी ते विभागातल्या प्रत्येकाला दाखवलं, झाडणाऱ्या बाईलासुद्धा.

चिठ्ठी मी लिहायला घेतली. आणणाऱ्याच्या नावापाशी थांबले.

"मामा, तुमचं नाव काय?"

"रद्दीमामा."

"पूर्ण."

ते शाळेतल्या हजेरीला म्हणावं तसं ताठ उभे राहून म्हणाले, "तुळशीराम ग्यानबा बिरादार."

चिठ्ठीवर हेड मॅडमची सही लागे. मॅडम तेलुगू होत्या, आमच्याशी इंग्रजीत आणि मामांशी दखनीत बोलायच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि पेन थांबवलं. "मामा, अटेंडर का नाम नहीं डालते, आप को मालूम है ना."

"हौ मॅडम. मालूम," मामा म्हणाले आणि कागद परत घ्यायला हात पुढे केला.

मी म्हटलं, "मॅडम, रोप त्यांनी शोधलं, त्यांनीच खणलं. मी फक्त पुस्तक धरलं होतं." हे मी इंग्रजीत बोलले, पण आवाज इतका मोठा आला की मीच दचकले. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "तू बोलतेस?" त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सही केली.

आता मला ते लिहायचं आहे जे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात विषात बुडवायची, मामांची दोन धरून, बेचाळीस रोपं माझ्याकडे होती. आधी मी केना बुडवला. त्याचंही फूल निळं असतं. स्पिरिट लागल्याबरोबर त्याचा रंग सुटला, ट्रेमध्ये निळी रेघ तरंगली आणि माझ्या डोळ्यांसमोर फूल पाण्यासारखं झालं. मी बाकीची सगळी रोपं बुडवली. मामांची दोन बुडवली नाहीत. ती तशीच एका कागदावर शिवली, आणि कुणी विचारू नये म्हणून त्यावर लाल शिक्काही मारला.

"बुडवलंस ना, माय?" मामांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. एका अक्षराचं खोटं बोलायला मला कधीच जड गेलं नाही.

उन्हाळ्यात कॉलेजला कॉम्प्युटर आले. त्यांना गार हवा लागते, धूळ चालत नाही, म्हणून विभागातली सगळ्यात चांगली खोली त्यांना मिळाली, म्हणजे आमची. कपाटं बाहेर व्हरांड्यात भिंतीला लावली गेली. मामांनी तक्रार केली नाही. कपाटांच्या पायाखाली विटा ठेवल्या आणि वर ताडपत्री बांधली. पण पावसाळा आला तशी कपाटांची दारं गंजून घट्ट लागेनाशी झाली, आणि सप्टेंबरात एके दिवशी मी विष्णुक्रांतेची घडी उघडली तर मांडीवर तपकिरी पीठ सांडलं.

कागदावर दोऱ्याचे टाके जसेच्या तसे होते. टाक्यांच्या आत काही नव्हतं. मुळाचा एक तुकडा आणि चाळणी झालेली दोन पानं. फूल नव्हतंच. दुसरं रोपही त्याच कागदावर होतं, तेही गेलं होतं. खाली चिठ्ठी धडधाकट: तुळशीराम ग्यानबा बिरादार. आणि कोपऱ्यात माझा लाल शिक्का. मामांना रिटायर व्हायला पंधरा दिवस होते.

मी ठरवलं की माळावर जायचं, नवं रोप आणायचं, मामांसारखंच वाळवायचं आणि जुन्याच्या जागी शिवायचं. रविवारी पहिल्या बसने एकटी गेले. उतरले आणि थांब्यापासून थोडं पुढे गेल्यावर वाट संपली. पत्र्यांचं लांबलचक कुंपण होतं, त्यावर काचेच्या उंच इमारतीचं चित्र. पत्र्याच्या फटीतून बघितलं तर जमीन दोन पुरुष खोल खणली होती आणि तळाशी पाणी साचलं होतं. कुंपणाच्या कडेने मी दहा वाजेपर्यंत फिरले. गाजरगवताशिवाय काही नव्हतं.

सोमवारी मी घडी मामांसमोर ठेवली. मामांनी ती उघडली. पीठ बोटाला लावून चोळलं.

"शिक्का कुणी मारला?"

"मी."

"मग कीड कशी लागली?"

"बुडवलं नव्हतं."

"का?"

"रंग गेला असता."

मामा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "रंग जातच असतोय, माय," ते म्हणाले. "कपाट रंग ऱ्हाण्यासाठी नसतंय, झाड ऱ्हाण्यासाठी असतंय." घडी मिटली. मग विचारलं, "त्या दिवशी अजून किती केली होतीस?"

"चाळीस."

"त्यातली खरी किती?"

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. माझ्या शिक्क्यावर आता विश्वास ठेवता येत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. 

दुसऱ्या दिवशी मी आले तर व्हरांड्यात दोन स्टुलं मांडलेली होती आणि भिंग काढून ठेवलेलं होतं. विषात बुडवलेल्या रोपावर बारीक पांढरे कण राहतात, ते भिंगाखाली चमकतात. आम्ही ती चाळीस रोपं एकेक करून तपासली. मी बघायचे, सांगायचे. मग मामा स्वतः बघायचे. मी सांगितलेलं त्यांनी पहिले तीन दिवस एकदाही तसंच धरलं नाही. चौथ्या दिवशी एका कागदापाशी म्हणाले, "तू बगितलंस नव्हं? मग ठेव." आणि भिंगाला हात लावला नाही. मी मान खाली घालून पुढचा कागद ओढला, कारण वर बघितलं असतं तर रडले असते. चाळीसच्या चाळीस नीट निघाली. 

मामा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. शेवटी त्यांना चमचाही धरता येत नव्हता, मामी भरवायच्या. मी भेटायला गेले की ते माझ्याकडून पेपर वाचून घ्यायचे, मराठी, मोठ्याने. अडखळले की म्हणायचे, "हल्लू." मला आज सरळ मराठी वाचता येतं, लिहिता येतं, ते तिथलं. मी आता दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते. वर्गात उभं राहून बोलते. वनस्पतिशास्त्राला मुली कमी असतात, पण सहलीची बस सहाला सुटते. कुणी उशीर केला तर तिला सोडून सुटते.

मामांचा कॉलेजातला शेवटचा दिवस मात्र सांगायचा राहिला. हार झाला, नारळ झाला, मॅडमचं भाषण झालं. मग मामा मला व्हरांड्यात घेऊन आले. त्यांनी ती रिकामी घडी काढली. मला वाटलं, ते ती फाडून टाकणार, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण कपाटातला कागद कधी फाडत नाहीत, असा नियम आहे. जुनी चिठ्ठी खोडतसुद्धा नाहीत. जे चुकलं असेल ते खाली नव्या चिठ्ठीवर लिहायचं, लिहिणाऱ्याच्या नावासकट. मामांनी कोरी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

"मराठीत लिही. मला वाचता आलं पायजे."

मी लिहिलं. अक्षर तेव्हा फार वाईट होतं. मामांनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून, ओठ हलवत वाचला: "या रोपाला विष लावलेलं नाही. शिक्का खोटा आहे. तो मी मारला." खाली माझं नाव.

"अजून लिही," मामा म्हणाले.

"आणखी काय लिहू, मामा?"

"फूल निळं होतं, ते लिही."

मी लिहिलं. त्यांनी तेवढी ओळ पुन्हा एकदा वाचली, मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कापऱ्या हाताने, बराच वेळ लावून, माझ्या नावाच्या शेजारी मराठीत स्वतःचं नाव लिहिलं.